नात्याचा रकाना

"बंद करू नका!" ती लांबूनच ओरडली. पण तोवर त्याने किल्ली फिरवली होती.

वापरात नसलेल्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर महिन्यातून एकदा गाड्या पळवायचा दिवस असे. पळण्याआधी प्रत्येक गाडीची तपासणी, आणि तपासणीसाठी ही लांबलचक रांग. रांगेत सातवी होती एक लाल, बुटकी, जुनी पण लाडात वाढलेली गाडी. रांग जरा सरकली की तिच्यातला गृहस्थ इंजिन सुरू करी, गाडी चार पावलं पुढे घेई आणि शहाण्या मुलासारखं इंजिन लगेच बंद करी. असं तीनदा झालं. चौथ्यांदा किल्ली फिरवली तेव्हा इंजिन नुसतंच खोकलं. पुन्हा फिरवली... पुन्हा खोकला. मग पेट्रोलचा वास सुटला आणि मागचे भोंगे एका सुरात सुरू झाले.

ती हातातलं पॅड छातीशी धरून तिथे पोचली. भुरभुर पाऊस नुकताच थांबला होता. तिच्या केसांवर अजून थेंब होते.

"बंद का केलीत?"

"उगाच पेट्रोल जायला नको म्हणून," चष्म्याआडून तो म्हणाला. "आणि मागच्यांना धूरही नको."

"विचार चांगला आहे. पण ही रोटरी आहे. गार असताना सुरू करून लगेच बंद केली की हिच्या पोटात पेट्रोल साचतं. मग ही रुसते."

"अस्सं... मग समजूत कशी काढायची?"

इतक्या निरागसपणे त्याने विचारलं की तिला हसू फुटणार होतं. तिने ते वेळीच आवरलं. तपासनीस बाईंनी रांगेत हसायचं नसतं.

"आधी ढकलून," ती म्हणाली. "उतरा."

त्याने उतरून मागून खांदा लावला. आणि काय झालं कोण जाणे, कधी कुणाच्या गाडीला बोट न लावणाऱ्या तिनेही पॅड बगलेत मारून एका बाजूने हात लावला. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ नावनोंदणीच्या टेबलाकडून लगबगीने आले.

"बंद केलीस? अरे, निघताना कानीकपाळी ओरडलो होतो ना!"

"मामा, मला वाटलं—"

"तुला वाटलं! दात उपटण्यापलीकडे तुला काही वाटू देऊ नकोस!"

गाडी मामांची होती. त्यांनी आयुष्यभर बस चालवली आणि पैपै साठवून तरुणपणी ही एकच हौस केली. साध्या इंजिनात पिस्टन वरखाली होतात. हिच्यात त्याऐवजी दोन तिकोन्या चकत्या गरगर फिरतात. म्हणून मामा तिला 'फिरकी' म्हणत. आता त्यांच्या डोळ्यांतला उजेड कमी कमी होत चालला होता. गाडी चालवणं सुटलं होतं. फिरकीला एकदा धावपट्टीच्या टोकापर्यंत पूर्ण जोराने गेलेली पाहायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते पूर्ण करायला हा भाचा पुढे सरसावला होता.

आता तिच्याबद्दल. तिचे वडील इथले मुख्य तपासनीस. बापलेकीचं गॅरेज होतं आणि महिन्यातला हा एक दिवस दोघं धावपट्टीला देत. तिच्या हातून दर दहा गाड्यांतल्या दोन तरी परत जात. त्यामुळे तिचं नावच 'नन्ना' पडलं होतं. सारखा नन्नाचा पाढा वाचणारी, म्हणून नन्ना. समोर कुणी म्हणत नसे, पण पाठ फिरली की ऐकू येई. दोन वर्षांपूर्वी तिचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही तो मुलगा हेच म्हणाला होता, "तुझ्याशी संसार म्हणजे रोज परवाना काढायला रांगेत उभं राहायचं." तिने ते हसण्यावारी नेलं होतं. निदान लोकांना तसं वाटलं होतं. आपला नकार ऐकून घेऊनही कुणी आपल्यापाशी थांबेल, ही आशा तिने तेव्हाच सोडून दिली होती.

तिने फॉर्म काढला. त्यातला पहिलाच रकाना जरा विचित्र होता — 'तपासनीसाचे गाडीमालकाशी किंवा चालकाशी नाते आहे काय? असल्यास फॉर्म दुसऱ्या तपासनीसाकडे द्यावा.' हा रकाना वडिलांनी मुद्दाम घातला होता. पूर्वी एका तपासनीसाने मेहुण्याची गाडी डोळे झाकून पास केली आणि धावपट्टीवर मेहुण्याच्या आधी त्याचं चाक पोचलं, तेव्हापासून. तिने सवयीने लिहिलं, 'नाही'.

डिकीत इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या नायट्रस वायूची निळी बाटली होती. पट्टे घट्ट, तारीख ठीक. पण जास्तीचा दाब बाहेर सोडणारी नळी डिकीतच मोकळी सोडलेली होती. तिने तिथे फुली मारली आणि बॉनेट उघडलं. पेट्रोलच्या नळीवर एक छोटा स्विच होता. त्यातून निघालेल्या दोन वायरी एकमेकींना जोडून वर काळी टेप गुंडाळली होती.

"हे कुणी केलं?"

"मीच. तो स्विच खराब आहे. जरा वेग घेतला की गॅस बंद करून टाकतो."

"गॅस बंद करणं हेच त्याचं काम आहे."

"पण सारखंच?"

"हे बघा," ती म्हणाली, "नायट्रस स्वतः जळत नाही. तो जळणाऱ्याला प्राणवायू पुरवतो. घरात पाहुणे वाढले की स्वयंपाक वाढवावा लागतो ना? गॅस म्हणजे पाहुणे, पेट्रोल म्हणजे स्वयंपाक. पेट्रोल कमी पडलं तर आत उष्णता भडकते, ठोके बसतात. साधं इंजिन एखादवेळ सोसेलही. हिच्या तिकोन्या चकत्यांच्या टोकांना बोटभर पट्ट्या असतात, त्या ठोक्याने तुटतात. एक तुटली की खेळ खलास. म्हणून पेट्रोलचा दाब उतरला की हा स्विच गॅस तोडतो. आणि तुम्ही त्याचंच तोंड बांधलंत."

"बाई, मी हा वायू रोज वापरतो," तो जरा दुखावून म्हणाला. "मी दातांचा डॉक्टर आहे. घाबरलेल्या मुलांना मी हाच देतो. मला त्याचं सगळं—"

"डॉक्टर, तुमच्या खुर्चीत मुलं बसतात. ती मिनिटाला सात हजार वेळा फिरत नाहीत."

मागच्या गाडीतला कुणीतरी फिदीफिदी हसला. तिने फॉर्मवर शिक्का मारला. नामंजूर.

काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून मामा धावपट्टीकडे, म्हणजे त्यांना ती जिथे असावीशी वाटत होती तिकडे, बघत राहिले. तिने ते पाहिलं. पण शिक्का शिक्का असतो.

आता हा भांडणार, असं धरून ती उभी होती. तो मात्र तिच्या चेहऱ्याकडेच निरखून बघत होता.

"काय बघताय?"

"तुम्ही मघापासून पेन उजव्या दातांनीच चावताय. डावी अक्कलदाढ दुखते का?"

"नाही," ती म्हणाली.

"बरं," तो हसला आणि पत्ता लिहिलेलं कार्ड पॅडखाली सरकवून गाडी ढकलायला गेला.

*

चौथ्या दिवशी गाल पुरीसारखा नाही, चांगला उशीसारखा सुजला, तेव्हा ती त्या कार्डावरच्या दवाखान्यात गेली.

खरी गोष्ट अशी होती की पेटत्या इंजिनाला न घाबरणारी ही बाई दातांच्या डॉक्टरांना भयंकर घाबरायची. छताला कागदी मासे टांगलेले होते. खुर्चीच्या हातावर एका बोळक्या सशाचं चित्र होतं. ती त्या खुर्चीत बसली आणि तिच्या हाताचे तळवे ओले झाले.

त्याने टेबलावरची हत्यारं हळूच फडक्याखाली झाकली. "नन्—" तो म्हणू लागला आणि थांबला.

"नन्ना म्हणा. सगळेच म्हणतात."

"मी 'नंतर दाखवतो' म्हणणार होतो," तो म्हणाला. तो थाप मारत होता आणि थाप त्याला जमत नव्हती. "थोडा गॅस घ्याल? दात दुखणार नाही आणि माझा रागही येणार नाही."

"आधी मशीन बघू दे."

ती खुर्चीतून उतरली. गाल धरून तिने मशीनभोवती एक चक्कर मारली. बाटल्या साखळीने बांधलेल्या आहेत का, ते पाहिलं. नळ्यांचे जोड बोटाने चाचपले. तारखा वाचल्या. तो हाताची घडी घालून परीक्षेला बसल्यासारखा उभा होता.

"दोन बाटल्या का?"

"एक नायट्रस, एक ऑक्सिजन. नायट्रस कधीच एकटा द्यायचा नाही."

"आणि मध्येच ऑक्सिजन संपला तर?"

"तर नायट्रस आपोआप बंद. ऑक्सिजनचा दाब उतरला की मशीनच तोडतं."

"आणि ते सारखंच तोडायला लागलं तर? टेप लावता?"

"छे! भलतंच काय? मशीन तोडतंय म्हणजे ऑक्सिजन कुठेतरी कमी पडतोय. मी आधी ती लाईन..."

तो थांबला. त्याचे कान हळूहळू लाल झाले. छतावरचे कागदी मासे पंख्याच्या वाऱ्याने गोल गोल फिरत राहिले.

"रोज," तो शेवटी म्हणाला, "रोज मी हे पोरांच्या आयांना समजावून सांगतो. आणि गाडीत... मी किती मोठा गाढव आहे?"

"फॉर्ममध्ये तो रकाना नाही," ती म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली. कुणी असं पटकन, खळखळ न करता 'चुकलो' म्हटलेलं तिने फार दिवसांनी ऐकलं होतं. तिची भीती अर्धी तिथेच उतरली.

नाकावर मऊ मास्क बसला. गोडसर वास आला. मग मासे फारच सुंदर दिसू लागले, आणि त्यांच्या मधोमध चष्म्यातले दोन डोळे होते, तेही सुंदर दिसू लागले... ती काहीतरी बोलली. तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. मग कुणीतरी हसलं. बहुतेक तीच.

बधिर करणारी सुई तिला कळलीही नाही आणि दाढ निघाली. तोंडातला कापूस चावत तिने संशयाने विचारलं, "मी काय बोलले?"

"पेशंट खुर्चीत काय बोलतो ते डॉक्टरने बाहेर सांगायचं नसतं."

"पण पेशंट मीच आहे!"

"नियम तो नियम," तो म्हणाला. "हा तुम्हाला तरी पटायला हवा."

निघताना त्याने चिठ्ठी दिली. आठ दिवसांनी टाके काढायला यायचं होतं, पण चिठ्ठीवर नाव दुसऱ्याच डॉक्टरांचं होतं.

"तुम्ही नाही काढणार?"

तो चष्मा पुसू लागला. पुढे बरेचदा तिला दिसलं, की बोलायचं अवघड असलं की हा माणूस चष्मा पुसतो. "मला तुम्हाला कॉफीला या म्हणायचं आहे. आणि ते... आपल्या पेशंटला म्हणता येत नाही. म्हणून आजपासून तुम्ही त्यांच्या पेशंट."

सुजलेल्या गालाने जितकं हसता येतं तितकं ती हसली. "कॉफी नको," ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा पडायच्या आत घाईघाईने पुढे म्हणाली, "गरम चालणार नाही आठ दिवस. रविवारी मामांकडे येते. फिरकी बघू."

*

पहिल्या रविवारी तिने मामांच्या गॅरेजातून दोन वस्तू जप्त केल्या. एक ती काळी टेप. दुसरा मामांचा ज्वालेचा दिवा, कारण थंडीत नायट्रसच्या बाटलीतला दाब वाढवायला मामा ती त्याच्यावर शेकत होते.

"सावकाश शेकत होतो गं," मामा म्हणाले.

"मामा, तुम्ही सावकाश शेकलीत म्हणून बाटली सावकाश फुटणार नाही. त्यासाठी विजेचं पांघरूण मिळतं, ठरलेल्या उष्णतेला स्वतःच बंद होणारं."

"बघ रे," मामा भाच्याला म्हणाले, "ही आपल्याला सरळ करणार."

मग पेट्रोलच्या दाबाचा काटा काचेसमोर बांधून दोघं मोकळ्या रस्त्यावर गेले, गॅस बंद ठेवूनच. तो चालवत होता, ती काटा बघत होती. तिसऱ्या गिअरमध्ये त्याने पाय पूर्ण दाबला आणि काटा हळूच खाली झुकला. गॅस नसतानाही! गाळणी गाळाने गच्च भरली होती आणि पंप थकला होता. स्विच बिचारा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता.

"सॉरी म्हणू का त्याला?" त्याने विचारलं.

"म्हणा. तो मनात ठेवत नाही."

"आणि तुम्ही?"

ती खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती.

असे रविवार येत गेले. नवा पंप बसला. गॅस सोडायची वेळ ठरवणारं यंत्र बसलं, पाय पूर्ण दाबलेला असेल आणि फेरे चार हजारांवर असतील तरच गॅस सुटावा आणि इंजिन कमाल वेगाला पोचायच्या आत तुटावा म्हणून. डिकीतली ती नळी गाडीबाहेर काढली. जास्त थंड राहणारे प्लग आले, ठिणगीची वेळ जरा मागे घेतली, पट्ट्यांना ओलावा राहावा म्हणून पेट्रोलमध्ये थोडं तेल मिसळलं. आणि सुरुवात गॅसच्या सगळ्यात लहान तोटीने. त्याला मोठी हवी होती. ती "नाही" म्हणाली. तो "का?" म्हणाला, आणि ती सांगत असताना त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एवढंच. पण घरी जाताना तिला ते पुन्हा पुन्हा आठवलं.

एका रविवारी पट्ट्या तपासायच्या होत्या. त्याने खिशातून दात बघायचा इवलासा आरसा काढला, प्लगच्या भोकातून आत घातला आणि दोघं गालाला गाल लागेल इतकी जवळ वाकून बघू लागली. ती बाहेरून हाताने चकती फिरवत होती.

"वरचा जबडा ठीक," तो गंभीरपणे म्हणाला. "कीड नाही. जरा काजळी आहे. हिला दिवसातून दोनदा ब्रश करायला सांग."

सांग... 'सांगा' नव्हे. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. आतली चकती फिरायची थांबली.

"पुढे फिरव ना," तो हळूच म्हणाला.

"फिरवते," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, आरशातच बघत, "नीट धर. तिरका झालाय तुझा आरसा."

मामा स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकत होते. इंजिन नुसतं फिरवलं की प्रत्येक चकतीच्या तिन्ही बाजूंचे तीन फुसकारे ऐकू येतात; एक जरी दुबळा असला तरी समजावं की पट्टी गेली. मामांच्या डोळ्यांचं सगळं बळ कानांत उतरलं होतं. "तिघी बहिणी सारख्याच बोलताहेत," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तुम्ही दोघं मात्र अजून काही बोलत नाही."

खरंच होतं ते. दोघं बोलली नव्हती. तो चष्मा पुसायचा, ती पाना उचलायची, आणि रविवार संपायचा.

*

हंगामातला शेवटचा दिवस उजाडला तोच भुरभुर पाऊस घेऊन. धावपट्टी वाऱ्याने सुकेपर्यंत दुपार झाली. रांग तुंबली. पुढच्या हंगामाला चार महिने होते आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी मामांना चार महिन्यांची खात्री दिली नव्हती.

फिरकी तिच्यासमोर आली ती डौलात गुरगुरत. या वेळी तिला कुणी मध्येच बंद केलं नव्हतं. बॉनेटखालची एकेक वायर तिची ओळखीची होती. तिने पॅडवर नवा फॉर्म लावला आणि पहिल्याच रकान्यावर तिचं पेन थांबलं.

'नाते आहे काय?'

शेकडो वेळा तिने तिथे 'नाही' लिहिलं होतं. आजही लिहिता आलं असतं. कोण काय म्हणणार होतं? तो तिचा कोण होता? कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं, कुणी काही कबूल केलं नव्हतं.

"लिही गं पटकन," मामा खिडकीतून म्हणाले. "तुझ्या बापाच्या हाती फॉर्म गेला तर दिवस मावळेल."

तो चाकाशी उभा होता. काही सुचवत नव्हता, घाई करत नव्हता, नुसता बघत होता. तिला एकदम भीती वाटली. दवाखान्यातल्या खुर्चीत वाटली होती त्याहून मोठी. 'आहे' लिहिलं आणि हा उद्या म्हणाला, कसलं नातं, मी कुठे काय म्हटलं होतं — तर? सगळ्या धावपट्टीसमोर, बाबांसमोर... आणि मामांची शेवटची संधी आपल्या पेनामुळे हुकली तर?

पण खोटं लिहून शिक्का मारायचा, तर मग त्या काळ्या टेपेत आणि आपल्यात फरक काय राहिला?

तिने लिहिलं, 'आहे'. मग मान वर करून म्हणाली, "मी ही गाडी तपासू शकत नाही."

"आता काय चुकलं?" मामा कळवळून ओरडले.

"गाडीचं काही चुकलं नाही, मामा."

त्याने वाकून फॉर्म वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. त्याचे कान लाल झाले. त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. पुसतच राहिला. ती आणखी थांबली नाही, पॅड घेऊन तडक वडिलांकडे गेली.

वडिलांनी रकाना वाचला. चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं. मग लांब उभ्या असलेल्या डॉक्टरकडे पाहिलं. मग पुन्हा रकान्याकडे.

"काय नातं?"

"बाबा, आहे की नाही एवढंच विचारलंय तिथे."

"हं," वडील म्हणाले. त्यांनी कोरा फॉर्म घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि बाह्या सरसावल्या.

पंधरा मिनिटांची तपासणी पाऊण तास चालली. तिला जवळ जायला मनाई होती. ती मामांच्या शेजारी उभी राहिली. तिला काही ऐकू येत नव्हतं, पण मामांना येत होतं आणि ते तिला सगळं सांगत होते.

"तुझा बाप विचारतोय, पेट्रोलचा दाब उतरला तर?... हा म्हणतोय, गॅस तुटेल. बाप म्हणतोय, मग तू काय करशील?... पाय उचलीन आणि का तुटला ते शोधीन. वा, बरोबर बोलला... आता बाप डिकीत शिरला... आता म्हणतोय, माझी मुलगी 'नाही' फार म्हणते."

ती मामांकडे वळली. "आणि हा?"

मामांनी मान तिरकी केली. "हा म्हणतोय, माहीत आहे. गाडीसाठी मी तिच्याकडून दोनदा ऐकलंय. दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं."

तिने तोंड फिरवलं. समोरची धावपट्टी अचानक पाण्यातून बघावी तशी दिसायला लागली.

शिक्का बसला. मंजूर. उन्हं कलली होती, पण पळायला अजून वेळ होता.

फिरकी रेषेवर उभी राहिली. हिरवा दिवा लागला. पहिला गिअर, दुसरा... आणि मग तो आवाज बदलला. गॅस सुटला होता. मधमाश्यांचं अख्खं पोळं उठावं तसा फिरकीचा सूर चढत गेला, न अडखळता, न ठेचकाळता. लाल गाडी एक रेघ झाली. तिचे डोळे गाडीवर होते, पण ओठ आकडे मोजत होते. दाब टिकला... टिकला... टिकला. टोकाशी ब्रेकचे दिवे लागले आणि तिने मुठी सोडल्या.

"दिसली," मामा म्हणत होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "दिसली मला. टोकापर्यंत दिसली गं!"

तो गाडी वळवून परत आला. उतरला. या वेळी इंजिन बंद करायला हरकत नव्हती, ते चांगलं तापलेलं होतं. तो सरळ तिच्याकडे चालत आला आणि त्याने चष्म्याला हातसुद्धा लावला नाही.

"मघाशी मी काही बोललो नाही," तो म्हणाला. "घाबरलो होतो. काही बोललो असतो आणि तू खोडलं असतंस तर?"

"पेनाने लिहिलं होतं. खोडता येत नाही."

"मला आवडतेस तू. फार. त्या पहिल्या दिवसापासून, तू मला उतरून ढकलायला लावलंस तेव्हापासून. माझ्याशी लग्न करशील?"

तिच्या तोंडून भलतंच काहीतरी फुटलं. "आधी सांग, त्या दिवशी खुर्चीत मी काय बोलले होते?"

"ते सांगता येत नाही. नियम."

"पेशंटने स्वतः परवानगी दिली तर येतं. दिली."

तो हसला. "तू माझी बाही धरलीस आणि म्हणालीस, 'गाडीला नाही म्हटलंय हं... तुम्हाला नाही म्हटलेलं नाही.'"

"आणि तू इतके दिवस गप्प बसलास?"

"गॅसमधलं बोलणं मी धरत नाही. शुद्धीवर म्हणशील तेव्हा खरं."

"मग आता शुद्धीवर म्हणते," ती म्हणाली. "हो."

त्याने तिचा हात हातात घेतला. बोटांना तेलाचा वास होता, दोघांच्याही.

संध्याकाळी सगळे फॉर्म फाईलला लावायचं काम तिच्याकडेच असे. फिरकीचा फॉर्म वर आला. वडिलांचं टपोरं अक्षर. पट्टे ठीक, नळी ठीक, स्विच ठीक, टेप नाही. मग तिची नजर सगळ्यात वरच्या, पहिल्या रकान्याकडे गेली. नियम वडिलांनाही होता; त्यांनाही तो भरावा लागला होता.

तिच्या खांद्यावरून वाकून त्याने वाचायचा प्रयत्न केला. "काय लिहिलंय गं? नाही म्हणतायत का ते?"

तिने फॉर्म त्याच्यापुढे धरला. 'नाते आहे काय?' याच्यापुढे वडिलांनी लिहिलं होतं, 'अजून नाही.' आणि खाली, शिक्क्याच्या शेजारी, बारीक अक्षरात: 'पुढच्या हंगामात ही गाडी तिसऱ्या तपासनीसाने तपासावी.'